सावलीत गाय, सावलीतच गोचीड

वाचकाचं पत्र

डॉक्टरबाई, नमस्कार. आम्ही वाळपईच्या अलीकडच्या एका वाड्यावर राहतो. दोन संकरित जर्सी गाई, सासूबाईंची एक गावठी पांढरी गाय आणि चार शेळ्या आहेत. यंदा उन्हाळा लागायच्या आधीच चार दिवस असं ऊन पडलं की गोठ्यात पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. गोचीडाचं औषध मारायची पाळी आली होती, पण शेजारचे काका म्हणाले, "या उन्हात गोचीड भाजून मरतात, कशाला पैसे घालवतेस?" मलाही पटलं. पाचव्या दिवशी हवा निवली. त्यानंतर आठ-नऊ दिवसांनी थोरली जर्सी बसली. १०६ ताप, कानाच्या मागे-मानेखाली गाठी, दूध आटलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून थायलेरिया सांगितला, मानेत महागाचं इंजेक्शन दिलं. गाय वाचली, पण दूध निम्म्यावर आलं आहे. मला सांगा, त्या उन्हानं गोचीड मेले की वाढले? चूक माझीच झाली का? शेळ्यांना आताच जंताचं औषध देऊन टाकू का? घरची माणसं काजूच्या बागेत जातात, माकडतापाची धास्ती वाटते. घरात कुत्राही आहे. आणि हे म्हणतात, पांढरी गाय दीड-दोन लिटरच्या वर देत नाही, विकून टाकूया. काय करू?

— एक वाचक, सत्तरी

ताई,

आधी गाईचं सांगते, कारण तुमचा जीव तिथे अडकला आहे. थायलेरिया हा गोचीड चावल्यानं होणारा, रक्तातल्या परजीवीचा रोग. त्यात तांबड्या पेशी फुटतात, आणि त्या पुन्हा भरून यायला काही आठवडे जातात. तोवर दूध कमी राहणारच. तिला हिरवा चारा, चांगली पेंड आणि खनिज मिश्रण चालू ठेवा, चालवून लांब चरायला नेऊ नका. दूध हळूहळू वर येईल. या वेतात पहिल्याइतकं येईलच असं वचन मात्र मी देणार नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. काकांचं बोलणं खोटं नव्हतं, अर्धं होतं, आणि गोठ्यात अर्ध्या खऱ्याचं नुकसान जास्त होतं, कारण ते डोळ्यांना दिसतं. उघड्या माळावर गवताच्या टोकाला बसलेली गोचीडाची बारीक पिल्लं उन्हात खरोखरच मरतात. ती मरतात ती मुख्यतः सुकून. एवढ्याशा जिवाच्या अंगात पाणी ते किती असणार? हवा दमट असेल तर गोचीड तोंडाशी एक खारट लाळ सोडतो, ती हवेतला ओलावा ओढून घेते, आणि तो ती परत गिळतो. पाण्याचा थेंब न पिता तो असा तहान भागवतो. हवा कोरडी झाली की हा मार्ग बंद होतो.

आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाला जे तीन-चार दिवस एकदम भाजतात, ते कसे येतात हे इथे महत्त्वाचं आहे. पूर्वेकडून घाटावरचा कोरडा वारा खाली उतरतो आणि समुद्रावरचा खारा वारा दुपारी उशिरापर्यंत आत शिरत नाही. किनारपट्टीला कमाल तापमान ३७ अंशांच्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त गेलं की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. २०२३ च्या मार्चमध्ये याच कारणानं गोव्यातल्या शाळा दोन दिवस दुपारच्या आत सोडाव्या लागल्या होत्या, तुम्हाला आठवत असेल. म्हणजे त्या दिवसांत ऊनही असतं आणि हवाही कोरडी असते. माळावरच्या पिल्लांचा निकाल लागतो तो या दोहोंमुळे.

पण ताई, त्या चार दिवसांत तुमच्या घरचे सगळे गोचीड माळावर होते का?

त्यातले पुष्कळसे गाईच्या अंगावर होते. कासेच्या मागे, शेपटीच्या मुळाशी, कानात, मानेच्या वळीत. गाईचं अंग बाराही महिने १०१-१०२ फॅरनहाइटच्या आसपास असतं. बाहेर ३० असो की ४०, तिच्या कातडीला चिकटून रक्त पिणाऱ्याला लाट आल्याचं कळतसुद्धा नाही. आपल्या गाईंवर जो निळसर-करडा गोचीड सर्रास दिसतो, तो पिल्लू असताना एकदा अंगावर चढला की तीन आठवडे तिथेच वाढतो, तिथेच कात टाकतो, तिथेच जोडी जमवतो. मादी एरंडाच्या बीसारखी टम्म फुगली की मगच खाली पडते आणि दोन-तीन हजार अंडी घालून मरते. ती पडते ती बहुधा गोठ्यात. आणि आपले गोठे कशाचे? चिऱ्याचे. गिलावा न केलेल्या चिऱ्याला किती भोकं असतात, दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात किती फटी असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. बाहेर माळ भाजत असताना त्या फटीत गारवा असतो, शेणामुताचा ओलावा असतो. तिथली अंडी सुकत नाहीत. उलट ऊब मिळाल्यानं लवकर फुटतात.

तर उन्हानं गोचीड मेले की वाढले? जे उघड्यावर होते ते मेले, जे आसऱ्याला होते ते तगले, आणि त्यांच्या पुढच्या पिढीला घाई झाली. मोजायचंच झालं तर लाटेनंतर तीन-चार आठवड्यांनी मोजा. चार दिवसांनी मोजलं की कमी दिसतात, आणि तिथेच माणूस फसतो.

एवढ्यानंही तुमच्या जर्सीचा ताप सुटत नाही. तारखा पाहा. लाट संपून आठ-नऊ दिवसांनी ती बसली. थायलेरियाचा गोचीड चावल्यापासून ताप चढेपर्यंत साधारण दहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत जातात. म्हणजे तुम्ही त्या आठवड्यात औषध मारलं असतं तरी ज्या चाव्यानं हे झालं तो बहुधा आधीच झालेला असता. शिवाय या रोगाची एक खोड आहे. एकदा होऊन गेला, अगदी बारीक होऊन गेला, तरी परजीवी रक्तात थोडे शिल्लक राहतात. गाय धडधाकट असते तोवर तिचं शरीर त्यांना दाबून ठेवतं. वेत झालं, लांबचा प्रवास झाला किंवा उन्हाचा ताण आला, की पकड सैल होते. गावाबाहेरून विकत आणलेल्या संकरित गाईत असं काही आधीपासून दडलेलं असेल, तर आणणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नसतो.

त्या चार दिवसांत तुमच्या गाईला काय झालं असेल ते डोळ्यांसमोर आणा. जर्सीला पंचविशीच्या वरच्या अंशांतच गरम व्हायला लागतं. पत्र्याखाली ती धापा टाकते, जीभ बाहेर काढते, चारा टाकते. अंगातलं रक्त गारवा शोधायला कातडीकडे धावतं. ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसोल, चढतं आणि ते रोगाशी लढणाऱ्या पेशींना गप्प करतं. आणि ज्या गाईच्या तांबड्या पेशी आधीच कमी आहेत, तिला प्रत्येक धापेत प्राणवायू कमी पोचतो. लाट परजीवीला बळ देते असं म्हणण्यापेक्षा ती गाईची ताकद काढून घेते असं मी म्हणेन. परजीवी आधीपासूनच तिथे होता.

एक गोष्ट मात्र अशी आहे की जिनं मला पहिल्यांदा वाचली तेव्हा अस्वस्थ केलं होतं. गोचीडाच्या लाळेतला परजीवी लगेच रोग देण्याजोगा नसतो. गोचीड गाईला चिकटला, त्याला तिच्या अंगाची ऊब लागली, की दोन-तीन दिवसांनी तो परजीवी पिकतो. म्हणून गोचीड पहिल्या दिवशीच काढला तर बहुतेक वेळा रोग टळतो. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बॅबेशियाची, म्हणजे तांबडी लघवी करवणाऱ्या गोचीडतापाची, बाधा असलेली उपाशी पिल्लं काही दिवस ३७ अंशांत ठेवली, तर गाईला न चावताच त्यांच्यातला परजीवी पिकू लागला. आफ्रिकेतल्या थायलेरियाच्या एका भावंडाबद्दलही असंच दिसून आलं आहे. प्रयोगशाळेतली पेटी म्हणजे आपला गोठा नव्हे, हे खरं. पण तापलेल्या दिवसांनंतर चढलेला गोचीड "उद्या काढू" म्हणून ठेवायचा नाही, एवढं मी त्यातून घेतलं आहे.

म्हणून तुमच्या "चूक माझीच झाली का" याला माझं उत्तर नाही असं आहे. औषध चुकलं ते पुढच्या पिढीच्या गोचीडांसाठी. गाय बसली ती त्यामुळे नव्हे.

माझ्याकडून मात्र अशी चूक झालेली आहे, आणि तिच्यामुळेच पुढचं मी एवढं ठासून सांगते आहे. नोकरीची पहिली वर्षं होती. डिचोलीकडच्या एका घरी भर उन्हाळ्यात धापा टाकणारी गाय पाहिली. अंग तापलेलं, दुपारचे दोन वाजलेले, वर पत्रा. मी म्हटलं, ऊन लागलंय. पाणी मारा, गूळ-मिठाचं पाणी पाजा, उद्या उतरेल. गाठी चाचपल्या नाहीत, पापणी उलटून पाहिली नाही. तिसऱ्या दिवशी गाय गेली. तो गोचीडताप होता. त्या घरातल्या म्हाताऱ्या बाई मला एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि ते मला अजून सलतं.

तेव्हापासून मी प्रत्येक गोठ्यात एकच सांगते: थर्मामीटर घ्या आणि पहाटे ताप बघा. दुपारी नव्हे, पहाटे पाच-सहाला. ऊन लागलेल्या गाईचं अंग रात्रीच्या गारव्यानं उतरतं आणि पहाटे बहुतेक मापात येतं. गोचीडतापाच्या गाईचा पारा पहाटेही १०४ च्या वर असतो. लाटेच्या दिवसांत आणि त्यानंतर तीन आठवडे रोज एका वहीत मांडून ठेवा, दोन गाईंना पाच मिनिटं लागतात. पहाटेचा ताप सलग दोन दिवस १०३ च्या वर दिसला, खांद्याच्या पुढची गाठ लिंबाएवढी लागली, पापणीच्या आत पांढरं-पिवळं दिसलं किंवा लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर दवाखान्यात फोन करायला संध्याकाळची वाट पाहू नका. थायलेरियाचं औषध सुरुवातीला जितकं लागू पडतं तितकं चौथ्या-पाचव्या दिवशी पडत नाही.

तुम्ही विचाराल, मग उन्हाचा आणि परजीवींचा काही एक नियम नाही का? एकच एक नियम नाही, आणि हे नुसतं आपल्या गोठ्यापुरतं नाही. गोड्या पाण्यात पिसवेएवढा एक जीव असतो, डॅफ्निया. त्याच्या आतड्यात वाढणाऱ्या परजीवीवर संशोधकांनी तीन-तीन दिवसांच्या कृत्रिम लाटा सोडून पाहिल्या. लाट तीच, पण मुळात पाणी किती गार होतं त्यावर परिणाम बदलला. थोड्या गार पाण्यात परजीवीचं फावलं, आधीच कोमट पाण्यात तसं झालं नाही. आणखी एक गोष्ट डेन्मार्कच्या किनाऱ्यावरची आहे, ती मला आपल्या मांडवीकाठच्या चिखलाकडे पाहताना नेहमी आठवते. १९९० च्या वसंतात तिथे नेहमीपेक्षा जास्त ऊब पडली. भरती-ओहोटीच्या चिखलात बारक्या गोगलगायी होत्या, त्यांच्या पोटात चपटे कृमी वाढत होते. पाणी तापलं तशी त्या कृमींची पिल्लं गोगलगायींतून भसाभस बाहेर पडली आणि चिखलात बिळं करून राहणाऱ्या झिंग्यांसारख्या छोट्या जीवांच्या अंगात घुसली. काही आठवड्यांत त्या जीवांची लाखोंची वस्ती नाहीशी झाली. त्यांच्या बिळांनी धरून ठेवलेला चिखलही मग लाटांबरोबर वाहून जाऊ लागला. एरवी वर्षभर थोडं थोडं घडणारं उन्हानं एकदम घडवलं, आणि ज्यांच्यावर ते घडलं त्यांना सावरायला वेळ मिळाला नाही.

आपल्या कामाचं त्यात हे आहे की परजीवी त्या वेळी कुठे आहे, उघड्यावर की कुणाच्या अंगात, आणि ज्याच्या अंगात आहे त्याचं काय चाललं आहे, हे दोन्ही पाहिल्याशिवाय ऊन कुणाच्या बाजूचं ते सांगता येत नाही.

पुढच्या वेळी लाटेचा इशारा आला की पहिलं काम सावलीचं. पत्र्यावर माडाची चुडतं टाका, दोन थर, आणि सकाळी त्यांवर पाणी मारा. पिंपात पाणी दिवसभर राहू दे, दुभत्या गाईला उन्हाळ्यात साठ-सत्तर लिटर सहज लागतं. चारा पहाटे आणि रात्री द्या. अंगावर पाणी मारायचं तर वाराही लागू दे, नाहीतर बंद गोठ्यात नुसता दमटपणा वाढतो, गाईलाही त्रास आणि फटीतल्या अंड्यांना आयता ओलावा.

भर उन्हात सगळी गुरं एकाच झाडाखाली गोळा होतात, हेही लक्षात ठेवा. फुगलेल्या माद्या त्याच सावलीत पडतात, पिल्लं तिथेच निघतात, आणि दुसऱ्या दिवशी गुरं परत तिथेच येऊन बसतात. ऊन गाईला सावलीत ढकलतं आणि गोचीडालाही. जमलं तर दोन-तीन झाडं आलटून पालटून वापरा, खालचा पाचोळा झाडून खतात घाला.

औषध माराच, पण लाटेच्या भर दुपारी नाही. धापा टाकणाऱ्या गाईवर औषध मारणं धोक्याचं आहे. लाट ओसरल्यावर, सकाळी लवकर, गाईला आधी पोटभर पाणी पाजून मारा, म्हणजे ती अंग चाटत बसणार नाही. प्रमाण बाटलीवरचं, अंदाजानं जास्त नको आणि पैसे वाचवायला कमीही नको. कमी प्रमाणानं मरणारे मरतात आणि औषध पचवणारे उरतात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा मारा, कारण पहिल्या वेळी जे फटीत अंडी होते ते तोवर अंगावर चढलेले असतात. आणि भिंत विसरू नका. माझ्या मते गाईवर घालवलेल्या पैशाच्या निम्मे तरी भिंतीवर घालवावेत. चिऱ्यांचे सांधे सिमेंटनं बुजवा, कमरेएवढ्या उंचीपर्यंत तरी गिलावा करा, वर्षातून दोनदा चुना काढा. दुभत्या गाईला आयव्हरमेक्टिन या जंत-गोचीडांवरच्या औषधाचं इंजेक्शन स्वतःच्या मनानं देऊ नका, ते दुधात उतरतं.

शेळ्यांना मात्र आता थांबा. यावर माझ्या सहकाऱ्यांतही दोन मतं आहेत, पण माझं मत मी स्पष्ट सांगते. शेळीच्या पोटात रक्त पिणारा जो जंत असतो, हीमोंकस, त्याची एकेक मादी दिवसाला पाच हजारांवर अंडी घालते, आणि एकेक जंत रोज ०.०५ मिलिलिटर रक्त ओढतो. हजार जंत म्हणजे रोज ५० मिलिलिटर, एवढ्याशा शेळीला ते किती पडतं! आता या कडक उन्हात गवतावरची त्यांची पिल्लं बरीच मेलेली आहेत. लेंडीच्या आत दबलेली थोडी तगून आहेत, ती पहिल्या वळवाची वाट पाहतात. म्हणजे या घडीला जंतांची जवळजवळ सगळी फौज शेळ्यांच्या पोटातच आहे. सगळ्यांना आज औषध दिलंत, तर त्यातून वाचणारे जंत फक्त औषधाला दाद न देणारेच असतील, आणि पावसात कुरणावर त्यांचीच पैदास पसरेल. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढपाळांना हा धडा फार महागात मिळाला.

म्हणून चारही शेळ्यांच्या खालच्या पापण्या उलटून बघा. आतून लालबुंद असेल तर तिला औषध नको. गुलाबी असेल तर आठवड्यानं परत बघा. पांढरट दिसली किंवा जबड्याखाली पाण्याची सूज लोंबत असेल, तर तिला आजच द्या. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचा तक्ताच केलेला आहे, दवाखान्यात विचारून बघा. पहिला पाऊस पडून गवत उगवलं की दोन-तीन आठवड्यांनी लेंड्या तपासायला न्या, आणि मग ठरवू.

आता माणसांचं. माकडताप हा विषाणूचा आजार, १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात सापडला, आणि २०१५ पासून आपल्या सत्तरीतही आहे. पाली गावाचं नाव तेव्हा सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. तो देणारा गोचीड गाईच्या गोचीडाहून वेगळा, रानातला, आणि माणसाला चावतं ते त्याचं तिळाएवढं पिल्लू. ही पिल्लं थंडीपासून मे महिन्यापर्यंत फिरतात, म्हणजे नेमका काजूचा हंगाम. पुन्हा तेच सावलीचं गणित आहे. भर दुपारी ही पिल्लं उघड्या जागेवरून पाचोळ्याच्या ओलाव्यात उतरतात. आणि बोंडू गोळा करून दमलेलं माणूस बारा वाजता कुठे बसतं? काजूच्या झाडाखाली, त्याच पाचोळ्यावर. शक्यतो पहाटे लवकर बी गोळा करून उन्हाच्या आधी घरी या. बसायचंच तर झाडलेल्या खडकावर किंवा प्लास्टिकचं कापड अंथरून बसा. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायजमा मोज्यात खोचलेला. उन्हात हे सांगणं सोपं आहे आणि करणं जड आहे, मला कळतं, तरी सांगते. घरी आल्यावर कपडे दाराबाहेरच उकळत्या पाण्यात टाका आणि साबणानं आंघोळ करा. काखेत, कमरेपाशी, मुलांच्या कानामागे बोटं फिरवून बघा. चिकटलेला दिसला तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका, नखानं चिरडू नका.

रानातून आल्यावर आठ-दहा दिवसांत एकदम थंडी वाजून ताप, कपाळ फुटेल असं डोकं, अंग मोडून येणं झालं, तर आरोग्य केंद्रात जाऊन "काजूत गेलो होतो" हे शब्द आपणहून सांगा. उन्हाळी तापाच्या गर्दीत ते विचारायचं राहून जाऊ शकतं. जुनी लस आता देत नाहीत, म्हणून जपणं हाच उपाय. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. गाईच्या दुधातून हा ताप येतो असा पुरावा नाही, पण रानात चरून आलेली गाय रानातले गोचीड अंगावरून घरी आणते, तेव्हा त्या दिवसांत तिला गोठ्यात शिरण्याआधी तपासा.

कुत्र्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण ती मला मोठी वाटली. कुत्र्याचा तपकिरी गोचीड एरवी माणसाला फारसा विचारत नाही. अमेरिकेत एका प्रयोगात या गोचीडांपुढे एका बाजूला कुत्रा आणि दुसऱ्या बाजूला माणूस ठेवला. हवा साधारण २३ अंशांची होती तेव्हा ते कुत्र्याकडे वळले. ३८ अंशांच्या आसपास नेली तेव्हा त्यांतले बरेच माणसाकडे वळू लागले, आणि उष्ण प्रदेशातल्या जातीत हे जास्त ठळक होतं. २००७ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेला एप्रिल विलक्षण तापला तेव्हा याच गोचीडाच्या चाव्यांनी माणसं गंभीर आजारी पडली होती. तेव्हा लाटेच्या दिवसांत कुत्रा घरात, मुलांच्या अंथरुणापाशी झोपवू नका. त्याच्यासाठी गोचीडाची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध दवाखान्यातून घ्या, गाईचं औषध त्याला चोळू नका.

राहिली सासूबाईंची पांढरी गाय. ती जर आपली खरी गावठी असेल, तर तिच्या जातीला आज नाव आहे, श्वेत कपिला. गोव्याची म्हणून तिची राष्ट्रीय पातळीवर २०२० मध्ये नोंद झाली आहे. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि ती नाही म्हणूनच मला दिसली: त्या चार दिवसांत पांढऱ्या गाईला काही झाल्याचं तुम्ही लिहिलेलंच नाही. तोच गोठा, तोच पत्रा, तेच गोचीड. तिचा पांढरा रंग ऊन परतवतो, आखूड गुळगुळीत केसांत गोचीडाला पाय रोवायला अवघड जातं, चाटून-घासून ती स्वतःच बरेच काढते, आणि तिच्या आज्या-पणज्या याच चिऱ्यांच्या फटींतल्या गोचीडांबरोबर जगत आल्या आहेत. जर्सी दुधाच्या हिशेबात तिच्या पुढे जाते, हे खरंच. पण औषध, इंजेक्शन आणि आटलेल्या दुधाचे दोन महिने त्याच हिशेबात धरा आणि मग यजमानांसमोर वही ठेवा. माझ्या मते तिला विकू नका. तिच्या पुढच्या माजाच्या वेळी श्वेत कपिलेच्याच वळूची सोय कुठे होते ते दवाखान्यात विचारा, आणि सासूबाईंना विचारा की ती वासरू असताना घरात कुठून आली होती. मला ते ऐकायला आवडेल.